वाडीच्या मातीचा वास

दिवेआगरला पावसाच्या आधी त्याचा वास येतो. सुरूच्या बनातून खारा वारा सुटतो, झावळ्या सळसळू लागतात, आणि मग सुपारीच्या बुंध्यांमधून, कुजलेल्या विऱ्यांखालून, पाटाच्या काठाकाठाने तो वर चढतो: ओला, गार, किंचित बुरशीचा. आपण न ठरवताच श्वास खोल घेतो. इतका खोल, की त्यात आजीचं भिजलेलं लुगडं, पडवीत पसरलेल्या सुपाऱ्या, रहाटाची करकर, सगळं सामावतं. किती बरं वाटतं!

आमच्या वाडीच्या कोपऱ्यात वारूळ होतं. आजी त्याला कुणाला हात लावू देत नसे. नागपंचमीला तिथे लाह्या वाहताना म्हणायची, "नाग असो नसो हो, मातीचा मान राखावा." मृगाच्या सरी मुरल्या की एखाद्या सकाळी त्या वारुळावर अळंबी उगवलेली असायची, करड्या टोप्यांची, मधोमध टोक काढलेली. आजी बोटं मातीत रुतवून ती अलगद सोडवायची. देठ संपता संपत नसे. खाली खाली, काळोखात कुठेतरी उतरत गेलेला असे. तो कुठवर जातो, हे मला फार पुढे समजलं.

तो वाळवीच्या बागेपर्यंत जातो. वाळवी सुकं लाकूड, पालापाचोळा चावून आणते आणि त्याची अक्रोडाच्या गरासारखी वळणावळणाची वीट रचते. तिच्यावर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी वाढवते, तिचे बारीक पांढरे दाणे खाते, पिल्लांना भरवते. आपली अळंबी म्हणजे त्याच पिकाला आलेला फुलोरा. आणि पीक म्हटलं की तण आलंच. स्यूडोझायलेरिया नावाची दुसरी बुरशी तिथे दबा धरून असते. वाळवीने वारूळ सोडलं की काही दिवसांत सगळी वीट तिची होते. 2025 साली मोहालीच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की वाळवी हे तण वासावरून ओळखते आणि मातीच्या गोळ्यांखाली गाडून टाकते. त्या गोळ्यांतल्या मातीतही सूक्ष्मजीव असतात, आणि तेही तणाला वाढू देत नाहीत.

वाळवीसारखीच बुरशी पिकवणाऱ्या अमेरिका खंडातल्या मुंग्यांच्या अंगावर पांढरा थर दिसतो. तो मेणाचा असावा असं पूर्वी वाटे. 1999 साली संशोधक कॅमेरॉन करी आणि सहकाऱ्यांनी तो जिवाणूंचा असल्याचं सिद्ध केलं. बागेत शिरणाऱ्या परजीवी बुरशीला रोखणारं औषध हे जिवाणू तयार करतात. मुंगी त्यांना अंगावर वागवते, पोसते. राखण करणाऱ्याला असं जिवाशी धरून ठेवणं, किती जुनी ही माया!

या जिवाणूंचं गणगोत आपल्याही मातीत आहे. त्यातल्याच स्ट्रेप्टोमायसीस कुळातल्या एकापासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं औषध मिळवलं, हॅमायसिन. त्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे. आणि ज्या वासाने माझा ऊर भरून येतो, त्यातलं जिओस्मिनही मुख्यतः हेच कूळ बनवतं. हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे चार-पाच भाग असले तरी आपलं नाक ते हेरतं. पावसाचा म्हणून जो वास मी जन्मभर छातीत भरून घेतला, तो मातीत राखणीला बसलेल्यांचाही होता.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने वाडी आडवी केली. आजोबांच्या हातची झाडं मुळांसकट उपटली गेली. कितीतरी दिवस चिरडलेल्या हिरव्या पाल्याचा उग्र दर्प सुटला होता. उभं राहवत नव्हतं तिथे. हळूहळू पडक्या खोडांवर मातीची पुटं चढली. वाळवी आली होती. पावसामागून पाऊस गेले आणि त्या खोडांची माती झाली, काळी, भुसभुशीत, हातात घेऊन हुंगावी अशी.

तिच्यातच आता सुपारीची नवी रोपं लावली आहेत. ती धरायला वर्षं लागतील. लागू देत. वारूळ आम्ही राखलं आहे. वाडी आमची आहे असं मी आजही म्हणते, पण म्हणताना त्या 'आमची'त खालच्या सगळ्यांना मोजते.