तांड्यावरची वही

मुलांनो, तुमच्या वर्गात किती जण बसतात? चाळीस? पन्नास? माझ्या अख्ख्या शाळेत, पहिली ते चौथी मिळून, 23 मुलं आहेत. खोल्या दोन आणि शिक्षकही दोनच. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांचं स्थान आहे. रामनवमीच्या यात्रेला तुमच्यापैकी कुणी आलंही असेल. त्याच तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची ही आमची जिल्हा परिषदेची शाळा.

एका खोलीत दोन इयत्ता म्हटलं की पालक हळहळतात. ‘मग शिकवता तरी कसं?’ सांगतो. तिसरीला फळ्यावर गणितं घालायची आणि चौथीकडे वळायचं. चौथीचा धडा रंगला की तिसरीचे कान तिकडेच! त्यामुळे पुढच्या वर्षीचा अर्धा धडा त्यांना आधीच ठाऊक असतो. गणितं मात्र तशीच राहतात, हेही खरं.

पहिलीत येणाऱ्या मुलांची घरची भाषा गोरमाटी. आईला ती ‘याडी’ म्हणतात. पुस्तकातली ‘आई’ त्यांना सुरुवातीला परकीच वाटते. मग चौथीतली मुलं दुभाषी होतात. मोठ्या शाळेत ही सोय कुठली?

खरी अडचण दिवाळीनंतर येते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. असे कितीतरी कोयते ऊसतोडीला निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. आजी-आजोबा असले तर मूल मागे राहतं, नाहीतर तेही ट्रकमध्ये चढतं. हजेरीपटावर एकेका नावापुढे रोज ‘गैरहजर’ लिहिताना हात जड होतो.

अशा वेळी मला जपानच्या मुचाकु सेइक्यो या शिक्षकांची गोष्ट आठवते. दुसरं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. यामागाता या डोंगराळ, बर्फाळ भागातल्या यामामोतो गावात ते शिकवत. वर्गात 43 मुलं. गरिबी इतकी की घरच्या कामापायी मुलांची शाळा बुडे. पुस्तकातलं गाव आणि त्यांचं गाव यांचा मेळच बसेना. गुरुजी म्हणाले, तुमच्या घरात जे घडतं तेच लिहा. एका मुलानं आईच्या मृत्यूबद्दल लिहिलं, घरच्या पैशांचा हिशेबही मांडला. मुलांच्या त्या लेखनाचं पुस्तक 1951 साली निघालं आणि जपानभर गाजलं. नाव ‘यामाबिको गाक्को’, म्हणजे डोंगरातल्या प्रतिध्वनीची शाळा.

आमच्याकडे कुठला छापखाना! पण शंभर पानी वही तर मिळते. आता तोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक वही नि दोन पेन्सिली देतो. म्हणतो, रोज नको, आठवड्यातून एकदा लिही.

मागच्या एप्रिलमध्ये तिसरीतली एक मुलगी सात पानं लिहून परत आली. तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या कोपीत बापूला उभं राहता येत नाही. मला येते. याडी अंधारात फडात जाते. मी भावाला राखते. तो रडला की त्याला उसाची मोळी मोजायला लावते. त्याला वीसच्या पुढे येत नाही, म्हणून मी पुन्हा एकपासून सुरू करते.’

‘याडी’च्या जागी मी ‘आई’ लिहिलं नाही. काना-मात्रा तेवढ्या दुरुस्त केल्या. ती पानं तिनं वर्गात वाचली, तेव्हा पहिलीतल्या एकानं विचारलं, ‘मंग तुह्या भावाले आता किती येते?’

‘पन्नास,’ ती ऐटीत म्हणाली.

यंदा तो भाऊ पहिलीत आला आहे. दिवाळीनंतर दोघंही जातील की राहतील, ते अजून ठरलेलं नाही. आजीशी माझं बोलणं चालू आहे. तुमच्यापैकी कुणी साखर कारखान्याच्या आसपास राहत असेल आणि उसाच्या फडाजवळ कोपीबाहेर वही घेऊन बसलेलं पोर दिसलं, तर त्याच्याशी दोन शब्द बोला. पेन्सिल संपली असेल तर एक देऊन टाका.