व्हर्जिनियाच्या पानाची गोडी

अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत डॅन नदीच्या कांठीं डॅनव्हिल हें गांव आहे. तंबाखूच्या तेथील कित्येक जुन्या वखारींतून आतां राहतीं घरें झालीं आहेत. या गांवीं आम्हीं व्हर्जिनिया पानांत लुइझियानाचें दाबून आंबविलेलें पेरिक घातलेलें मिश्रण पाइपांत भरून पाहिलें. डबी उघडतांच सुक्या गवताचा व मनुकांचा वास आला. सावकाश ओढल्यास चव मधुर लागते; घाई केल्यास जीभ पोळते. पेरिकचा तिखटपणा त्या माधुर्यास आवर घालतो.

ही गोडी सुकविण्याच्या रीतींतून येते. बंद कोठींत धूर न शिरूं देतां नळ्यांच्या उष्णतेनें पान सुकवितात, म्हणून त्यांतील साखर टिकते. या पिवळ्या पानाचा उगम गांवाच्या दक्षिणेस, सीमेपलीकडील कॅसवेल परगण्यांत सांगतात. १८३९ सालीं तेथें स्टीफन नांवाच्या गुलामास झोंप लागली; विझत आलेल्या आगीवर त्यानें घाईनें लोणारी कोळसा घातला, आणि पान सोन्यासारखें पिवळें झालें. पान स्लेड नांवाच्या मळेवाल्याचें, आणि स्टीफनही त्याच्याच मालकीचा!

प्रकृतीस अपायकारक म्हणून या व्यसनाची शिफारस आम्ही करीत नाहीं. चवीस मात्र पुरे गुण देतों. त्यांतील अर्धे स्टीफनचे.