बोल्डमध्ये काही नाही ना?

आमच्या घरात ब्लड रिपोर्ट वाचायची एक ठरलेली पद्धत आहे. पाकीट उघडायचं, पानं भराभर उलटायची आणि फक्त बोल्ड आकडे शोधायचे. रेंजच्या बाहेर गेलेला आकडा लॅबवाले जाड ठशात छापतात ना, तेवढेच. बाबांचा रिपोर्ट आला की आई ओट्यापासूनच विचारते, “बोल्डमध्ये काही नाही ना?” बाबा म्हणतात, “शुगर सोडली तर काही नाही.” की झालं! रिपोर्ट फाइलमध्ये, फाइल कपाटात आणि आम्ही सगळे जेवायला.

बाबांना डायबिटिस होऊन १४ वर्षं झाली. इतकी वर्षं एखादी गोष्ट घरात राहिली की तिची भीतीच वाटेनाशी होते. चहाचं वेगळं भांडं, सणाला श्रीखंडाची अर्धीच वाटी आणि महिन्याला आणायच्या गोळ्या, एवढंच काय ते तिचं अस्तित्व.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयोमानामुळे दवाखाना बंद केला. मग ठाण्यातल्या एका डायबिटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. आई भाचीच्या लग्नाला गेलेली, त्यामुळे सोबतीची ड्युटी माझ्याकडे आली. मुलगी फ्रीलान्स जर्नालिस्ट आहे म्हणजे ती कायम मोकळीच, हा घरच्यांचा लाडका समज!

वेटिंग रूममध्ये दीड तास होतो. सवयीप्रमाणे मी कान टवकारून बसले. “गूळ चालत असेल ना हो, तो तर नॅचरल असतो?” “दिवसाला चार लिटर पाणी प्यायलं की किडनी धुतली जाते म्हणे.” “साबुदाणा बंद, तर चतुर्थीला खायचं काय?” आणि मग एक काका ठासून म्हणाले, “अहो, शुगरपेक्षा या शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते. आमच्या मेहुण्याचं तेच झालं.” या वाक्यावर बाबांनी मान डोलावली. जरा जास्तच जोरात. मला तेव्हा काही क्लिक झालं नाही.

चौदा वर्षांत एकदाही नाही

डॉक्टरांनी फाइल चाळली आणि विचारलं, “युरिनची एसीआर टेस्ट शेवटची कधी केली?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे. तीत काय नव्हतं! थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, दोन-दोन ‘फुल बॉडी’ पॅकेजेस. पण ही टेस्ट? एकदाही नाही. टाइप-टू डायबिटिस असलेल्यांनी ती निदान झाल्यापासून दरवर्षी करायची असते. सकाळच्या लघवीचा एक नमुना आणि काहीशे रुपये. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नवर आपण तेवढे सहज उडवतो.

मग डॉक्टरांनी जुन्या रिपोर्टांतली तीन पानं टेबलवर शेजारी शेजारी मांडली. पाच वर्षांपूर्वी क्रिएटिनिन ०.९. दोन वर्षांपूर्वी १.१. आणि आता १.३. तिन्ही लॅबच्या रेंजमध्ये. एकही बोल्ड नाही! त्यांनी त्याच आकड्यांवरून ईजीएफआर काढून पेन्सिलने बाजूला लिहिलं : ९९, ७६, ६२.

हा ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून तो काढतात. म्हणजे पाच वर्षांत बाबांच्या किडनीची एक-तृतीयांशाहून जास्त ताकद गेली होती आणि आम्ही दरवेळी ‘नॉर्मल’ म्हणून जेवायला बसत होतो.

“पण मला काहीच त्रास नाही,” बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. “किडनी तक्रार करत नाही, हाच तर तिचा प्रॉब्लेम आहे.” चहाची गाळणी आठवा, असं म्हणाले. प्रत्येक किडनीत अशा साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून त्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. वर्षानुवर्षं साखर आणि बीपी जास्त राहिलं की जाळी सैल होते आणि चहापूड कपात उतरावी तसं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरतं. एसीआर हीच गळती मोजते. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे धोक्याची घंटा, त्याच्या वर गंभीर. अनेकदा क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी ही गळती सुरू होते. लघवीला फेस, पायावर सूज, हे सगळं फार नंतर.

बाबांची एसीआर आली २१०. ताप, इन्फेक्शन किंवा जोरदार व्यायामानेही हा आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून काही आठवड्यांनी परत केली. १९६. म्हणजे खरंच होतं.

आजीचे पेढे

त्या रात्री मला आजी आठवली. बाबांची आई. तिलाही डायबिटिस होता, ती इन्शुलिन घ्यायची. मी शाळेत असताना एक वर्ष असं आलं की तिची शुगर आपोआप कमी यायला लागली. डोस कमी केला, तरी कमीच. आम्ही सगळे जाम खूश. आजीने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. एकदा ती देवघरातच चक्कर येऊन पडली, शुगर फार खाली गेली होती म्हणून. त्यावरही आम्ही म्हणालो, बघा, औषध किती लागू पडतंय!

सहा महिन्यांनी तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. दीड वर्षाने ती गेली.

हे मी डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटमध्ये सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, इन्शुलिन शरीरातून काढून टाकायच्या कामात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी थकली की तेच इन्शुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि शुगर पडते. जुन्या पेशंटची शुगर कारण नसताना खाली यायला लागली, तर अभिनंदन करायच्या आधी किडनी तपासायची.

म्हणजे आम्ही पेढे वाटले होते ते किडनी बंद पडत असल्याचे.

कुठली गोळी वाईट?

त्याच व्हिजिटला डॉक्टरांनी सहज विचारलं, “या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?” बाबा म्हणाले, “नाही.” मग खुर्चीत चुळबुळले. मग म्हणाले, “गुडघ्यासाठी एक... रोज सकाळी.”

ती पेनकिलर होती. साधी, केमिस्टकडे कुणीही मागितली की मिळणारी. दीड वर्षापासून रोज. आणि ती स्ट्रिप स्टेशनजवळच्या दुकानातून दर वीकेंडला कोण आणून देत होतं? मीच! माझ्या पर्समध्येही तीच असते, डेडलाइनच्या डोकेदुखीसाठी.

पुढची कबुली त्याहून भारी. मेटफॉर्मिनच्या दोन गोळ्यांपैकी रात्रीची ते वर्षभर घेतच नव्हते. का? मोबाइलवर कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता की शुगरच्या गोळ्या किडनी खातात. वेटिंग रूममध्ये मान का डोलली, ते आता कळलं.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी एका कागदावर दोन्ही नावं लिहिली. मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. मात्र किडनी आधीच बरीच कमजोर झाली असेल तर ती औषध बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस सहसा कमी करतात आणि ३० च्या खाली गोळी बंद. बाबा त्या टप्प्यापासून लांब होते. उलट आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाने क्वचित एखादी घेतली तर चालून जातं. पण डायबिटिस, बीपीच्या गोळ्या आणि वर रोजची पेनकिलर? हे कॉम्बिनेशन डेंजरस.

जिला घाबरून बाबांनी सोडलं ती गोळी निर्दोष आणि जी विश्वासाने रोज घेतली ती काम तमाम करणारी. आणि डॉक्टरला विचारायचा प्रश्न ते फॉरवर्डला विचारून मोकळे झाले होते. माझं काय? मास कॉमला असताना ‘कोण, काय, कधी, कुठे, का’ घोकलं, आजवर मंत्र्यांपासून मॉडेलपर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारले. बाबांना मात्र “ही स्ट्रिप इतक्या लवकर कशी संपते?” एवढं विचारलं नाही.

मग मी यादीच काढली

तिसऱ्या व्हिजिटला मी नोटपॅड घेऊनच गेले. वेटिंग रूममधल्या सगळ्यांचे प्रश्न त्यात होते.

पाणी किती प्यायचं? तहान लागेल तेवढं. किडनी बादलीसारखी धुता येत नाही. आणि आजार पुढे गेला असेल, सूज असेल, तर उलट पाणी मोजूनच प्यावं लागतं.

सैंधव चालेल? तेही मीठच. दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असताना किंवा काही बीपीच्या गोळ्या सुरू असताना ते रक्तात साठू शकतं, त्यामुळे न विचारता आणायचं नाही. शहाळ्याचंही तसंच.

गूळ? साखरेचाच भाऊ.

डाळ, अंडी, पनीर बंद? बंद नाही, बेताने. वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं. जिममधल्या पावडरचे डबे मात्र किडनीच्या पेशंटसाठी नाहीत. आणि कुणीतरी आणून दिलेली, आत काय आहे ते माहीत नसलेली पुडी तर नाहीच.

गेलेली किडनी परत येते? नाही. पण घसरण पुष्कळ हळू करता येते. बीपीच्या ‘सार्टन’ गटातल्या गोळ्या डायबिटिसमध्ये किडनी वाचवतात, हे २००१ मध्ये मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलं. पुढे २०१९ आणि २०२० च्या ट्रायल्समध्ये ‘फ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांनीही डायलिसिसची वेळ लांबते हे सिद्ध झालं. त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. आजीच्या वेळी हे नव्हतं.

बाबांना आधी सार्टन आणि काही आठवड्यांनी फ्लोझिन सुरू झालं. सोबत दोन सूचना. उलट्या-जुलाब झाले, खाणं-पिणं थांबलं तर लगेच फोन करायचा, कारण तेव्हा यातल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. आणि फ्लोझिनमुळे लघवीच्या जागी खाज, इन्फेक्शन होऊ शकतं, तर लाजून गप्प बसायचं नाही. हे ऐकताना बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकलं. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी आणि फारच दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल. रात्रीची मेटफॉर्मिन परत सुरू.

बोल्ड आलंच!

तुम्ही म्हणाल, हे सगळं आमच्या वयात कशाला? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिऍब पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना डायबिटिस आहे आणि १३.६ कोटी प्रीडायबिटिसमध्ये आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्या घरात कुणीतरी असणारच. त्यांच्या फाइलमध्ये या वीकेंडला एसीआर शोधा. नसेल तर विचारा. क्रिएटिनिनचा एकच आकडा बघू नका, मागचे दोन-तीन काढून ओळीने लावा. आणि ‘औषधं घेता ना?’ असं विचारू नका. ‘काय काय घेता, दाखवा’ म्हणा.

बाबांचा नवा रिपोर्ट डिसेंबरात आला. मी लोकलमध्येच मोबाइलवर उघडला आणि काळजात धस्स झालं. क्रिएटिनिन १.४. बोल्ड! ईजीएफआर ५६. इतका आटापिटा करून आकडा आणखी खाली? दिव्याला उतरून प्लॅटफॉर्मवरूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “एसीआर सांगा.” १३८. “मग ठीक आहे. या गोळ्या गाळण्यांवरचं प्रेशर कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो. अपेक्षितच आहे. पोटॅशियम नॉर्मल आहे. तीन महिन्यांनी परत बघू.”

घरी पोचले तर आई ओट्यापाशी. तिने विचारलंच, “बोल्डमध्ये काही नाही ना?”

“आहे,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, कपाटातून फाइल काढली आणि जुने रिपोर्ट एकेक करून टेबलवर मांडायला लागले. “तू गॅस बंद कर आणि इकडे ये. सगळं ओळीने वाचू.”