ठेका

आमच्या जालन्याच्या घरी सकाळी साडेसातला रेडिओ सिलोन लागायचं, ते आठच्या ठोक्याला सैगल गाऊन संपेपर्यंत. सैगल सुरू झाला की आई ओरडायची, “दप्तर भर, आठ वाजले!” त्यामुळे सैगलवर माझा बरीच वर्षं राग होता.

मला आवडायचा तो गाण्यांतला ढोलक. शमशाद बेगम गायला लागली की भाकरी थापणाऱ्या आईचा हातही त्याच ठेक्यात पडायचा. परातीत पीठ उडायचं आणि कडेला भाकरी जरा जाडच राहायची. मला तो ढोलक म्हणजे आपली तमाशातली ढोलकीच वाटे. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने मला झापलं. “आपल्या ढोलकीच्या उजव्या पुडीला शाई असते, म्हणून ती बोलते. ह्याला शाई नाही. हा नुसता हसतो.”

हे हसणारं वाद्य लाहोरहून आलं होतं, हे फार उशिरा कळलं. १९४१ च्या ‘खजांची’त मास्टर गुलाम हैदर यांनी पंजाबी लग्नघरातला ढोलक उचलून थेट सिनेमाच्या गाण्यात आणला. शमशाद त्यांनीच पुढे आणली. पुढच्या वर्षी ‘खानदान’मध्ये नूरजहाँ. मागाहून हुस्नलाल-भगतराम, ओ. पी. नय्यर हे पंजाबी संगीतकार आले. आम्ही ज्याला हिंदी गाणं म्हणत होतो, त्याची चाल बऱ्याचदा पंजाबी होती. पण हे आम्हाला सांगणार कोण?

आणि आपल्या लताबाई! ‘आवाज फार पातळ’ म्हणून एका निर्मात्याने नाकारलेल्या ह्या मुलीसाठी भांडले ते हेच गुलाम हैदर. गोरेगाव स्टेशनात गाडीची वाट पाहताना त्यांनी तिला गायला लावलं आणि सिगारेटच्या डब्यावर स्वतः ठेका धरला. तिने त्यांच्याकडे गायलेला ‘मजबूर’ आला १९४८ साली. त्याच वर्षी सप्टेंबरात आमचं जालना निजामाच्या राजवटीतून सुटलं. फाळणीनंतर मास्टरजी लाहोरला परतले आणि १९५३ मध्ये तिथेच वारले. ढोलक मात्र इथेच राहिला.

आईचे हात आता थकलेत, भाकरी सून करते. पण जुनं गाणं लागलं की आईची बोटं पलंगाच्या काठावर चालू होतात.

सैगलवरचा राग पन्नाशीनंतर गेला. तोही पंजाबचाच निघाला: जन्म जम्मूचा, घर जालंधरचं. १९४७ च्या जानेवारीत तो गेलाही तिथेच.