आज्जीचा आवाज आणि टकटकणारी डिस्क

हार्ड डिस्क पडली की घरातला प्रत्येक जण इंजिनीअर होतो. कुणी म्हणतं, फ्रीजरमध्ये ठेवा. कुणी म्हणतं, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. कुणी हलकेच टिचकी मारून बघतं. आणि उरलेले सगळे एका सुरात सांगतात, "एकदा लावून तरी बघा की!" यातला सगळ्यात साधा वाटणारा हा शेवटचा सल्लाच सगळ्यात घातक असतो. मी बंगळुरूत कंटेंट रायटिंग करते, इंग्रजी साहित्यात बीए केलंय आणि भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर संपला. तरी मला हे समजलं, म्हणजे तुम्हालाही सहज समजेल.

डिस्क आमच्या बेळगावच्या घरची. १ टीबीची, तळहाताएवढी. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माळ्यावरून मखराचं खोकं उतरवताना त्याच्याबरोबर तीही फरशीवर आली. दादाने ती लॅपटॉपला जोडली, तर आतून टक्... टक्... टक् असा आवाज. त्याने तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवला आणि लगेच केबल काढली.

डिस्कमध्ये लग्नांचे व्हिडिओ होते, शेताच्या कागदांचे स्कॅन होते, शेकडो गाणी आणि सिनेमे होते. आणि आज्जीचा आवाज होता. १९९०च्या दशकात बाबांनी टेपरेकॉर्डरवर तिच्या जात्यावरच्या ओव्या आणि गप्पा चार कॅसेटमध्ये भरून घेतल्या होत्या. आज्जी गेल्यावर, २०११ साली, त्यांनी त्या कॅसेटचं एमपीथ्री करून घेतलं. पुढे बेळगावच्या पावसाने आपलं काम केलं. फितींना बुरशी लागली आणि कॅसेट गेल्या. राहिली ती फक्त ही डिस्क.

जात्यावरच्या ओव्या म्हणजे काय ठेवा आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यातल्या कितीतरी आज 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. पण त्यात आमची आज्जी नव्हती. तिच्या ओव्यांत माझ्या आत्यांची नावं होती, आमच्या विहिरीचा उल्लेख होता. त्या दुसऱ्या कुठल्या संग्रहात सापडणार नव्हत्या.

बाबा रात्रीच्या बसने ती डिस्क घेऊन बंगळुरूला आले. टॉवेलमध्ये गुंडाळून, बॅगेत न टाकता, मांडीवर घेऊन. सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "अगं, तुझ्या लॅपटॉपला लावून बघू की एकदा. इथं कदाचित चालंल." मी म्हटलं, "बाबा, आधी दुकानात तर दाखवूया. तोवर तुम्ही आंघोळ करून घ्या."

बंगळुरूत संगणकाचं काहीही बिघडलं की पाय आपोआप एस. पी. रोडकडे वळतात. के. आर. मार्केटजवळचा हा जुना, गजबजलेला रस्ता. एकाला एक लागून दुकानं, बोळात केबलचे भेंडोळे, हातगाड्या आणि स्कूटर. एका छोट्या दुकानातल्या मालकांना मी दादाने पाठवलेला आवाज ऐकवला. त्यांनी डिस्क हातातसुद्धा घेतली नाही. दोनच शब्द बोलले, "ऑन माडबेडी." चालू करू नका. मग बाबांचं बेळगावी कन्नड ऐकून खूश झाले आणि स्टूल पुढे सरकवून नीट समजावलं.

त्यांचं म्हणणं असं. डिस्क दिसत नाही, याला तीन प्रकारची कारणं असतात. पहिलं बाहेरचं: केबल, पोर्ट किंवा आतलं सर्किट बोर्ड खराब झालेलं असतं. दुसरं हिशोबाचं: डिस्क धडधाकट असते, पण कुठली फाइल कुठे आहे याची नोंद बिघडलेली असते. यासाठी सॉफ्टवेअर चालतात. तिसरं अंगाचं: डिस्क पडलेली, भिजलेली किंवा आतून मोडलेली असते. तिथे सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला पळायला लावणं. पडल्यानंतर टकटक असा ठरावीक आवाज येत असेल, तर दुखणं बहुधा तिसऱ्या प्रकारचं असतं.

त्या आवाजाचा अर्थ मी नंतर वाचून समजून घेतला. अशा डिस्कमध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. त्यांच्यावर वाचणारं हेड टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर. आपला केस त्याच्या हजारो पट जाड असतो. धक्क्याने हेड वाकलं की त्याला आपली जागा सापडत नाही. ते मागे जातं, पुन्हा शोधतं, पुन्हा मागे जातं. तीच ती टकटक. या अवस्थेत वीज दिली, तर हेड चकतीवर घासू शकतं. आणि माहिती त्या चकतीच्या वरच्या अतिशय पातळ चुंबकीय थरात असते. तो खरवडला गेला, की तिथली माहिती जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

बाकीच्या सल्ल्यांचंही तेच. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कमध्ये बाष्प धरतं. तांदूळ पडलेल्या डिस्कला काहीच करत नाही, वर धूळ मात्र देतो. डिस्क भिजली असेल, तर ती घरी वाळवण्यापेक्षा ओलसरच, हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञाकडे नेतात. कारण पाणी वाळलं तरी त्यातले क्षार आणि गाळ चकतीवर चिकटून बसतात. आणि यूट्यूबवर बघून स्क्रू उघडणं तर नकोच. आपल्या खोलीतला धुळीचा एक कणसुद्धा त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो.

एस. पी. रोडच्या त्या मालकांनी आणखी एक गोष्ट केली. "हे माझं काम नाही," असं सरळ सांगितलं. डिस्क उघडायला स्वच्छ हवेची खास व्यवस्था लागते, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवावं लागतं. म्हणून तशी सोय असलेल्या लॅबकडेच जा, म्हणाले. पैसे घेतले नाहीत. बाबांनी त्यांना बेळगावचा कुंदा पाठवायचं कबूल केलं.

आम्ही दोन ठिकाणी विचारलं. तपासणीची फी किती? डिस्क उघडण्याआधी पूर्ण खर्च लेखी सांगणार का? काहीच मिळालं नाही तर किती घेणार? आमच्या फाइल्स काम झाल्यावर तुमच्याकडून पुसणार का? एका ठिकाणी या प्रश्नांना "वो सब हो जाएगा मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. दुसरीकडे छापील फॉर्म मिळाला. आम्ही दुसरीकडे डिस्क दिली. खर्च २८,००० रुपये सांगितला.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: सर्वांत आधी काय हवं? बसवलेलं हेड किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून लॅबवाले महत्त्वाच्या फाइल्सकडे आधी वळू शकतात. आम्ही तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकरवर सगळं कुटुंब बोलू लागलं. दादाला लग्नाचा व्हिडिओ हवा होता. वहिनी म्हणाली, "तो माझ्या माहेरी आहे की!" आईला शेताचे कागद आठवले. बाबा म्हणाले, "नकला कचेरीतून परत काढता येतात." सिनेमांची आठवण कुणीच काढली नाही. मोठी आत्या इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईचा आवाज तेवढा बघा बाई."

चार कॅसेट, प्रत्येकी तासाभराची. सगळ्या मिळून साधारण २४० एमबी, म्हणजे त्या डिस्कच्या जागेचा चार हजारावा हिस्सा. एवढ्यासाठी २८,००० रुपये का, असं कुणीही विचारलं नाही.

वाट बघण्याच्या दिवसांत मी कोलंबिया यानाची गोष्ट वाचली. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ते यान आकाशातच फुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. काही महिन्यांनी टेक्सासमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यात जळालेली, वेडीवाकडी झालेली एक हार्ड डिस्क सापडली. तिच्यात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. तज्ज्ञांनी चकत्या काढून, स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली. २००८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. चकतीचा खराब झालेला भाग नेमका रिकामा होता, लिहिलेला भाग वाचला होता. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच मिळालं नाही. म्हणजे कौशल्य हवंच, पण घाव कुठे बसला यावरही बरंच ठरतं. हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघूया."

अठरा दिवसांनी लॅबचा फोन आला. तीन कॅसेट पूर्ण मिळाल्या होत्या. चौथी अकराव्या मिनिटाला थांबते. आज्जी तिच्या माहेरच्या वाटेबद्दल सांगत असते आणि मध्येच शांतता. पुढचा भाग जिथे होता, तिथेच चकती खरवडली गेली होती.

मी ते आत्याला ऐकवलं. ती म्हणाली, "पुढचं मला ठाऊक आहे की," आणि फोनवर सांगायलाच लागली. ओढा, चिंचेचं झाड, वाटेत भेटणारी मावशी. पुढच्या महिन्यात मी बेळगावला गेले, तेव्हा तिच्यासमोर मोबाइल ठेवून सगळं नीट रेकॉर्ड केलं. तिला आणखी नऊ ओव्या येत होत्या. इतकी वर्षं कॅसेट आहेत म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आता आमच्याकडे या आवाजाच्या तीन प्रती आहेत. एक बाबांच्या नव्या डिस्कवर, एक माझ्या क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्हमध्ये आत्याकडे कोल्हापुरात. जाणकारांचा नियमही हाच: प्रती तीन, किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. त्यात आईने आपली एक भर घातली आहे. दर वसुबारसेला तिन्ही प्रती लावून ऐकायच्या, म्हणजे कुठली बिघडली असेल तर वेळेवर कळेल. यंदाच्या वसुबारसेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, तर आत्या स्वतःचाच आवाज ऐकून म्हणाली, "इश्श, हे परत भरून घ्या गं. माझा घसा बसला होता त्या दिवशी."