साखळीतला गडी

हुतूतू पाहताना आमचे डोळे चढाई करणाऱ्यावर खिळतात, हा आमचा जुनाच दोष. २०१५ साली प्रो कबड्डीत यू मुंबा अजिंक्य ठरली, तेव्हा आम्ही अनूप कुमारचेच गोडवे गात होतो. त्या संघाचा मध्यरक्षक विशाल माने २०१७ साली अजिंक्य ठरलेल्या पाटण्याच्या संघातही होता, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. पाटण्याच्याच प्रदीप नरवालचे त्या वर्षीचे चढाईचे ३६९ गुण मात्र आम्हांस तोंडपाठ!

कोपऱ्यावरच्या गड्याने घोटा धरला की मध्यरक्षकाने देह झोकून वाट अडवावी. गुण बहुधा घोटा धरणाऱ्याच्या नावे. परतूरच्या मैदानावर आम्हीही कधीकाळी मध्यरक्षकच होतो, हे सांगण्यास संकोच वाटतो. शेजारी आमचा हात धरून एक बालमित्र उभा असे. एका सामन्यात चढाईवाला अंगावर आला. आम्ही कचरलो, हात सुटला, आणि मित्र एकटाच आडवा गेला. पकड झाली, सामना जिंकला. त्याचा गुडघा मात्र गेला तो गेलाच. रात्री मिरवणुकीत खांद्यावर होता आमचा चढाईवाला.

मित्र परवा स्टेशनात भेटला. अजून लंगडतो. हात सुटल्याची गोष्ट त्याने आजवर काढलेली नाही, आम्हीही नाही.