घड्याळाशीं शर्यत

शाळेच्या वार्षिकांत मिळविलेल्या बक्षिसांचीं वर्णनें नेहमींच येतात. आम्ही आज जो प्रसंग सांगणार आहों, त्यांत आम्हांस बक्षीस मिळालें नाहीं. तरीहि तो आपल्या जुन्या शाळेंतील विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावासा वाटतो.

मोटारींच्या शर्यतीचा 'ऑटोक्रॉस' नांवाचा एक प्रकार आहे. मोकळ्या मैदानांत शंकू मांडून नागमोडी वाट आंखतात व बहुधा एका वेळीं एकच गाडी सोडतात. स्पर्धा घड्याळाशीं असते. शंकूस धक्का लागला कीं वेळेंत दंडाचे सेकंद मिळविले जातात. वेगापेक्षां वळण साधण्यास महत्त्व अधिक. म्हणून हौशी माणसास घरच्या लहान गाडीनेंहि त्यांत उतरतां येतें.

आमची गाडी 'प्रीमियर 118 एनई'. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या कंपनीनें ती 1985 सालीं बाजारांत आणली. घडण इटलीच्या फियाट 124 ची व इंजिन जपानच्या निसानचें, 1171 घन सेंटिमीटरचें. जोर मागील चाकांस मिळत असल्यामुळें मातीवर वळतांना तिची मागची बाजू सरकते. ती सांवरण्यांतच चालविणाऱ्याचें कसब. याच कंपनीच्या पद्मिनी टॅक्सीनें 2023 सालीं मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, हें वाचकांस स्मरत असेल.

या कंपनीचा एक कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. आमचे बाबा तेथें फिटर होते. काम बंद पडलें तेव्हां त्यांचे सोबती पांगले. कोणी रिक्षा घेतली, कोणी गांवीं परतले. बाबांनीं ही जुनी गाडी तेवढी जपली. चाळीच्या आवारांत ती ताडपत्रीखालीं उभी असे. शेजारी म्हणत, "भंगारांत द्या." बाबा कांहींच बोलत नसत.

गतवर्षीं आम्हीं शर्यतींत नांव घातलें. दोन महिने रोज संध्याकाळीं बापलेकांचें काम चाले. मागचें आसन काढून भार कमी केला, कार्बोरेटर धुतला, बॅटरी घट्ट आंवळली. न मिळणारे दोन सुटे भाग ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारागिराकडून लेथवर करून घेतले. ब्रेकची नळी बदलण्याचें काम बाबांनीं आमच्यावर सोंपविलें व बजावलें, "जोडाचा तांब्याचा वायसर नवा घाल. एकदां दाबला गेलेला पुन्हां नीट बसत नाहीं." नवा वायसर आणण्याचा आम्हीं कंटाळा केला. जुनाच पुसून घातला, आणि विचारल्यावर "नवा घातला" असें सांगितलें.

शर्यतीच्या आदल्या रात्रीं ब्रेकचें पेडल किंचित् खोल जाऊं लागलें. आम्हीं मनाची समजूत घातली कीं, एका मिनिटाचा तर प्रश्न आहे!

सकाळीं मैदानावर गाड्यांची तपासणी सुरू झाली. शिरस्त्राण, पट्टे, बॅटरी, सर्व ठीक ठरलें. शेवटीं तपासनीसांनीं सहज विचारलें, "ब्रेक?" मागें बाबा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता कीं, आमच्या तोंडून 'ठीक' हा शब्द निघेना. "पेडल नरम लागतें," आम्ही म्हणालों, "वायसर जुना आहे." तपासनीसांनीं गाडी बाजूस घेण्यास सांगितलें.

बाबा रागावतील असें वाटलें होतें. त्यांनीं मुकाट्यानें अस्तन्या सारल्या व आपली पत्र्याची जुनी पेटी उघडली. तींत कागदांत गुंडाळलेले नवे वायसर होते. गाडीखालीं आडवे होऊन त्यांनीं जोड उघडला, वायसर बदलला. मग आम्ही पेडल दाबीत होतों आणि ते ब्रेकची हवा काढीत होते. "दाब... धर... सोड." एवढेच शब्द. त्या अर्ध्या तासांत, ज्या हातांस कारखान्यानंतर काम उरलें नव्हतें, ते हात किती निश्चित आहेत हें आम्हीं प्रथमच पाहिलें.

तीन फेऱ्यांपैकीं पहिली हुकली. दुसरींत दोन शंकू पडले. तिसरी स्वच्छ झाली; परंतु वेळ इतका लागला कीं आमचें नांव यादीच्या तळाशीं राहिलें. शेवटच्या वळणावर मात्र ब्रेक दाबतांच गाडी हुकमाप्रमाणें थांबली.

घरीं परततांना शीळ फाट्याजवळ बाबा एवढेंच म्हणाले, "वायसर दोन रुपयांचा असतो रे. मला खरें सांगितलें असतेंस, तर काल रात्रींच बदलला असता."

या बोलण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो चेपलेला वायसर किल्ल्यांच्या जुडग्यांत ओंवला. तो तेथें अजून आहे.